घरचं सोयाबीन की कंपनीची पिशवी?

खरीप जवळ आला की चिखली, मेहकर, लोणारच्या कृषी केंद्रांत एकच प्रश्न असतो: सोयाबीनची नामांकित पिशवी घ्यावी, की घरचं बियाणं पेरावं?

सोयाबीन स्वपरागीभवन होणारं पीक आहे. त्यामुळे जेएस ३३५ किंवा फुले संगमसारख्या सरळ वाणाचं प्रमाणित बियाणं एकदा घेतलं, की त्याचं उत्पादन पुढची दोन वर्षं बियाणं म्हणून वापरता येतं. संकरित कपाशीचं तसं नाही. तिथे दरवर्षी नवीनच पाकीट घ्यावं लागतं.

मात्र घरचं बियाणं तपासूनच पेरा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओलावा टिकवा. चार-पाच दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजा. सत्तर किंवा जास्त भरले, तर एकरी ३० किलो बियाणं पुरे. थोडे कमी भरले तर बियाण्याचं प्रमाण वाढवा. फारच कमी असतील तर ते बियाणं पेरूच नका.

सोयाबीनचं टरफल नाजूक असतं, म्हणून पोती आपटू नका. पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया कराच. पिशवी विकत घेतलीत, तर पावती, टॅग आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली, तर तोच तुमचा पुरावा.