दोन डबे, दोन न्यूट्रल
(स्नेहमिलनात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आदरणीय गुरुजन आणि १९८८ च्या दहावीतल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला सांगितलं, "तू त्या जिप्सीबद्दल बोल. आर्वीत सगळे तिला दोन डब्यांची गाडी म्हणतात, पण दोन डबे कशाला हे कोणालाच माहीत नाही." म्हणून आज गाडीबद्दल बोलणार आहे. शेवटी एक मागणी पण आहे. ती ऐकल्याशिवाय जेवायला उठू नका, एवढीच विनंती.

आपल्या जिल्ह्यात मोटारीला बैल जुंपण्याची परंपरा जुनी आहे. जमनालालजी बजाजांकडच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले आणि सेवाग्रामच्या वाटेवर धावणाऱ्या त्या गाडीला 'ऑक्सफर्ड' म्हणायला लागले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. हसण्यासारखी वाटते, पण त्यात यंत्रशास्त्र आहे. बैल हळू चालतो, धक्का देत नाही, आणि ओढ सोडत नाही. चढावर भरलेली बंडी अडली की आपले आजे-पणजे जोडीपुढे दुसरी जोडी जुंपत. मी जे केलं ते एवढंच. जोडीपुढे जोडी जुंपली, फक्त ती लोखंडाची होती.

आधी गरज काय होती ते सांगतो. नोकरी सोडून मी पुण्याहून परत आलो आणि कारंजाकडच्या आमच्या वावरात संत्र्याची बाग नव्याने लावली. बाग नाल्याच्या पलीकडे आहे. नाल्यात माणसाच्या डोक्याएवढे गोटे, आणि वर चढायला उभा काठ. संत्र्याचे क्रेट गाडीत घालून तिथून जायचं म्हणजे प्रत्येक गोट्यावर आदळा. वरचं फळ चांगलं दिसायचं आणि तळाचं चेपलेलं निघायचं. व्यापारी तळाचं क्रेट आधी उघडतो, हे तुम्हाला सांगायला नको.

माझ्याकडे जुनी जिप्सी किंग होती. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, त्याला ट्रान्सफर केस म्हणतात. तो ताकद पुढच्या आणि मागच्या आसांना वाटून देतो. शिवाय त्यात हाय आणि लो असे दोन टप्पे असतात. आपल्या विज्ञानाच्या सरांनी सायकल वर्गात उलटी उभी करून शिकवलं होतं ना, पायडलचे फेरे जास्त आणि चाकाचे कमी झाले की चढ सोपा होतो? तेच इथे. जिप्सीत पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केसचा लो २.२६८ आणि आसावरचा डिफरन्शियल ३.९०९. तिन्हींचा गुणाकार साधारण ३२. म्हणजे इंजिन बत्तीसदा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं.

बत्तीस पुष्कळ वाटतं. पण इंजिन नुसतं आयडलवर, मिनिटाला आठशे फेऱ्यांवर ठेवलं तरी गाडी ताशी तीन किलोमीटरने पुढे जाते. सडकेवर हे हळू आहे, गोट्यांवर नाही. वेग आणखी कमी करायला क्लच अर्धवट दाबून ठेवावा लागतो. एका हंगामात माझी क्लच प्लेट जळली. तेव्हा डोक्यात आलं, दुसरा ट्रान्सफर केस लावला तर?

ट्रॅक्टर का नाही घेतला, असं घरून विचारणा झाली. त्याचं खरं उत्तर, हौस होती. ते मी तेव्हा दिलं नाही, आज देतो.

डोंगर-दगडांत गाड्या चालवणारे हौशी लोक जगभर अशी दोन डब्यांची जोडणी करतात. जिप्सीला ती त्यातल्या त्यात सोपी, कारण तिचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मध्ये एक आखूड शाफ्ट असतो आणि डबा वेगळा टांगलेला असतो. म्हणजे मध्ये जागा करता येते. कागदावर मी सगळं मांडलं. पण कागद कापून लोखंड होत नाही. त्यासाठी लेथ लागते, आणि लेथवरचा माणूस लागतो.

असा माणूस आपल्याच वर्गात होता. शेवटच्या बाकावर, खिडकीशी. त्याने नाव घ्यायला मनाई केली आहे, पण तुम्ही ओळखलंच असेल. दहावीला इंग्रजी आणि बीजगणितात गेला, पुन्हा बसला नाही, मामाच्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा राहिला. मी अठ्ठावीस वर्षांनी, २०१६ साली, वही घेऊन त्याच्या दारात गेलो. त्याने वही पाहिली नाही. विचारलं, "चहा घेतं काय बे?"

पहिला प्रयत्न माझ्या हट्टाने झाला. जिप्सीचाच दुसरा ट्रान्सफर केस भंगारातून आणला आणि पहिल्याच्या पुढे लावला. हिशोब सोपा होता, बत्तीस गुणिले २.२६८, म्हणजे त्र्याहत्तर. गाडी नाल्यात सुंदर चालली. सडकेवर आणली आणि इंजिन किंचाळायला लागलं. जिथे आधी ताशी ऐंशी जात होती, तिथे त्याच आवाजात सत्तावन्न जायला लागली. मी यंत्र अभियांत्रिकी शिकलेला माणूस, आणि हाय म्हणजे सरळ एकास एक असं धरून बसलो होतो. जिप्सीच्या डब्यात हायसुद्धा १.४०९ आहे. दोन डबे म्हणजे ते पण दोनदा.

मित्राने खडूने शाफ्टवर रेघ मारली, हाताने फिरवून फेरे मोजले आणि म्हणाला, "हे तू आधी मोजाले पाहिजे होतं, राजा." बीजगणितात नापास झालेल्या माणसाने मला गुणाकार शिकवला.

दुसऱ्या वेळी आम्ही असा डबा शोधला ज्याचा हाय खरोखर सरळ आहे. तो दुसऱ्या बनावटीच्या भंगार गाडीचा, सूर्य-ग्रह गिअरचा होता. मधलं दातेरी चाक म्हणजे सूर्य, त्याभोवती फिरणारी छोटी चाकं म्हणजे ग्रह, आणि सगळ्यांना वेढणारं आतून दातेरी कडं डब्याला घट्ट धरलेलं. सूर्य फिरवला की ग्रह त्याच्याभोवती सावकाश फिरतात, आणि त्या सावकाश फिरण्यावरून ताकद पुढे घ्यायची. हायमध्ये ग्रहांना बाजूला ठेवून ताकद सरळ पार जाते. पुन्हा खडू, पुन्हा फेरे. इकडून पाच फेरे दिले की तिकडे दोन. बरोबर आकडा २.४८. आणि मुख्य म्हणजे आत जाणारा शाफ्ट आणि बाहेर येणारा शाफ्ट एकाच रेषेत.

त्यातली पुढच्या चाकांची साखळी काढली, ते तोंड पट्टी लावून बंद केलं. पुढून आत जायला दोन बेअरिंगवर बसणारा नवा शाफ्ट मित्राने लेथवर काढला. जिप्सीचा मूळ डबा वीतभर मागे गेला, म्हणून मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड करावा लागला आणि पुढचा लांब. शाफ्ट कापून जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवायचे असतात, नाहीतर एक क्रॉस जी थरथर तयार करतो ती दुसरा मिटवत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. मित्राने ते वाचलेलं नव्हतं, तो ते डोळ्याने बघत होता.

आता गुणाकार झाला ऐंशी. आयडलवर गाडी मिनिटाला एकवीस मीटर जाते, म्हणजे ताशी सव्वा किलोमीटर. बैलापेक्षा हळू. चाक गोट्यावर चढतं, वर क्षणभर थांबल्यासारखं होतं आणि हलकेच उतरतं. क्लचला हात... म्हणजे पाय लावायचं काम नाही. त्या हंगामात तळाच्या क्रेटमधली संत्री वरच्यासारखीच निघाली.

तिची मर्यादा पण सांगतो, म्हणजे कोणी उद्या वर्कशॉप गाठू नये. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ही गाडी कोणत्याही दुसऱ्या गाडीइतकीच फसते. चाक हळू फिरलं तर टायरच्या खाचांतला चिखल झटकला जात नाही, चाक गुळगुळीत होतं आणि सावकाश खाली बसतं. डबे कितीही लावा, माती धरणार नसेल तर ताकद जाणार कुठे? तिथे वाफसा येण्याची वाट पाहणं हाच उपाय. आणि दुसरं, दोन्ही लोमध्ये कधीही ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. डबे ताकद ऐंशीपट करतात, पण आसाच्या आतली सळई कंपनीने दिली तेवढीच राहते.

आता मला जे सांगायचंच आहे ते.

२०१८ चा दिवाळीनंतरचा आठवडा. आंबिया बहाराची संत्री उतरत होती. नाल्याचा काठ चढून मी गाडी थांबवली, मागचे क्रेट सरकले का ते पाहायला. मित्र सोबत होता. नव्या डब्याचा दांडा लोवरून हायकडे ओढला, पहिला गिअर टाकला, इंजिन बंद केलं आणि उतरलो. हँडब्रेक ओढला नाही. आपल्याकडे कोण ओढतो? गाडी गिअरमध्ये टाकली की उभी राहते, हे आपण बापापासून शिकलो आहोत.

दांडा हायपर्यंत गेलाच नव्हता. मध्येच, न्यूट्रलमध्ये राहिला होता. गिअरबॉक्स पहिल्यात, मूळ डबा लोमध्ये, आणि दोघांच्या मधला धागाच तुटलेला. गाडीला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. ती आवाज न करता मागे सरकली. मित्र मागे क्रेटची दोरी बांधत होता. गाडी आणि बाभळीचं खोड यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. नडगीचं हाड मोडलं. सेवाग्रामला नेलं, आत सळई घातली. तीन महिने त्याची लेथ बंद होती.

गावात त्याने सांगितलं, की मीच घसरलो. त्याच्या घरच्यांना पण तेच सांगितलं. माझं नाव काढलं नाही, आणि मी पण सहा वर्षं ते काढू दिलं नाही. आज त्याच्या समोर, आणि तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो: तो घसरला नव्हता. दांडा मी सोडला होता आणि ब्रेक मी ओढला नव्हता.

दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी बसलो होतो. काय बोलावं ते सुचत नव्हतं. तोच म्हणाला, "दोन डबे जोडले त न्यूट्रल पण दोन झाले ना बे. तू ताकदच मोजली. सुटाच्या जागा मोजल्याच नाही."

हे वाक्य कोणत्या पाठ्यपुस्तकात असतं तर मी पहिल्या पानावर अधोरेखित केलं असतं.

बरा झाल्यावर त्याने स्वतःच उपाय केला. दांड्याखाली एक स्विच बसवला. नव्या डब्याचा दांडा न्यूट्रलमध्ये आला की लाल दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. मी त्याची तार चावीवरून घेतली होती. त्याने ती काढली आणि सरळ बॅटरीवर जोडली. "चावी काढल्यावरच त माणूस उतरते. तेव्हा कोण वरडन?" शिवाय दारात एक लाकडी ठोकळा दोरीने बांधला आहे. उतरताना तो पायात येतोच. चाकामागे लावल्याशिवाय उतरता येत नाही.

गाडी आता वावराबाहेर जात नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. कायद्याचं कलम त्याआधीपासून होतंच, आम्ही वाचलं नव्हतं. वाचल्यावर सडक बंद केली. नाला ते बाग, बाग ते नाला, एवढीच तिची हद्द.

आता मागणी. आपल्या मागच्या स्नेहमिलनाला हा मित्र आला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "यादीत नाव नाही माझं. मी पास कुठं झालो?" मी यादी पाहिली. खरंच नव्हतं. आपण ती निकालपत्रावरून केली होती. त्यात दोष कोणाचा नाही, हाताशी तोच कागद होता. पण त्यामुळे आपल्या वर्गातले अकरा जण आपल्याच वर्गात नाहीत. मी काल बसून मोजले.

या वेळच्या स्मरणिकेत यादी छापाल ती हजेरीपटावरून छापा. पाचवी ते दहावी ज्याचं नाव सरांनी आणि बाईंनी सकाळी हाक मारून घेतलं, तो आपल्या वर्गातला. एवढंच.

तो आज आला आहे. मंडपाच्या शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. उठून उभा राहणार नाही, पाय अजून थंडीत दुखतो असं कारण सांगेल. जेवणाच्या वेळी तुम्हीच त्याच्याकडे जा.