राहून गेलेला दुसरा डोस



२७ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांच्या तान्ह्यापासून पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींपर्यंत सगळ्यांना ही लस द्यायची होती. पुढे कोरोना आला, कितीतरी बाळांचे डोस चुकले आणि २०२२ मध्ये गोवंडीच्या वस्त्यांत गोवराने लहान मुलांचे जीव घेतले. भिवंडी, मालेगावातही साथ पसरली. गोवर-रुबेला देशातून हद्दपार करायची मुदत आधी २०२० होती, मग २०२३, आता २०२६ आहे.

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. म्हणून शंभरातल्या किमान पंच्याण्णव मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत, आणि तेही प्रत्येक वाडीवस्तीवर. जिल्ह्याचा आकडा कितीही चांगला दिसला, तरी सुटलेली मुलं एकाच गल्लीत राहत असली की साथीला तेवढं पुरतं.

नवव्या महिन्यातला पहिला डोस बहुतेक घरांत आठवणीने दिला जातो. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यायचा, आणि तोच राहतो. बीडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. गावातल्या आशाताईंच्या यादीत बाळाचं नाव असतं, बाळ मात्र दूर फडावरच्या कोपीत असतं. नवव्या महिन्यात एकच डोस घेतलेल्या शंभर मुलांतली पंधराएक मुलं असुरक्षितच राहतात, म्हणून हा दुसरा डोस.

ही लस कोरड्या भुकटीच्या रूपात येते. नर्सताई ती द्रावणात कालवतात आणि त्यानंतर ती चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकून द्यायची. एका कुपीत पाच-दहा बाळांची लस असते. पण एकच बाळ आलं असेल, तरी कुपी फोडायची, असा नियम आहे. मला तो फार मोलाचा वाटतो. वाया गेलेली लस परत मिळते; चार कोस चालून आलेली आई पुन्हा येईलच असं नाही.

याच सुईतून रुबेलाचंही संरक्षण मिळतं. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला, तर बाळ बहिरं, मोतीबिंदू घेऊन किंवा हृदयाच्या दोषासह जन्माला येऊ शकतं.

तेव्हा कार्ड हरवलं असेल, तारीख उलटली असेल, गाव बदललं असेल, तरी पाच वर्षांच्या आतलं मूल जवळच्या सरकारी केंद्रात न्या. लस मोफत आहे.