पत्ता खिशात असावा

दारूने संसार कसा बुडतो हे सांगायला मी आज आलेलो नाही. ज्याचा बुडतो त्याला ते आपल्याहून जास्त ठाऊक असते. मला बोलायचे आहे ते एका कागदाच्या चिटोऱ्याविषयी.

मी खेड्यातल्या शाळेत शिकवीत होतो तेव्हाची गोष्ट. एके सकाळी प्रार्थनेच्या आधी एका मुलाचे वडील फाटकाशी येऊन उभे राहिले. हात कापत होते, पण माणूस शुद्धीवर होता. म्हणाले, "गुरुजी, ही काय सुटंना बघा. कुठं जाऊ?" मी त्यांना दहा मिनिटे उपदेश केला. पोराकडे बघा म्हटले, देवापुढे शपथ घ्या म्हटले. त्यांनी मान हलवली आणि गेले. ते विचारीत होते 'कुठं', आणि मी सांगत बसलो होतो 'का'. पुन्हा काही ते विचारायला आले नाहीत.

आता या 'कुठं'चे उत्तर. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, थोडक्यात ए. ए., या नावाची पिणे सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या लोकांची मंडळी आहे. तिचा जन्मसुद्धा अशाच एका शोधातून झाला. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरी बिल विल्सन नावाचा गृहस्थ धंद्याच्या कामाला आला होता. दारू सोडून काही महिने झालेले. काम फसले. हॉटेलात एका अंगाला बार, दुसऱ्या अंगाला टेलिफोन. त्याने टेलिफोन उचलला आणि पाद्री लोकांकडे विचारीत विचारीत बॉब स्मिथ नावाच्या एका पिणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोचला. डॉक्टर पाव तासाच्या बोलीवर आले आणि रात्री उशिरापर्यंत बसले. कारण समोरचा माणूस त्यांना शहाणपण शिकवीत नव्हता, आपलीच हकिकत सांगत होता. भारतात या मंडळीचे काम १९५७ साली सुरू झाले.

सभेत काय होते म्हणाल, तर फारसे काही नाही. शाळेची किंवा चर्चची एखादी खोली, पाच-पंचवीस माणसे, तास-दीड तास. आपले पहिले नाव सांगितले की पुरे. आडनाव, जात, धंदा कोणी विचारीत नाही. फी नाही. खर्चासाठी झोळी फिरते, तीत टाकले तर टाकले. एकेक जण आपण काय केले ते सांगतो. कोणी बियाण्याचे पैसे गुत्त्यावर घातलेले असतात, कोणी बायकोची डोरली. मधे कोणी बोलत नाही की नाक मुरडीत नाही. नवख्याने पहिल्या दिवशी नुसते ऐकत बसले तरी चालते. आणि जन्मभराची शपथ तिथे कोणी मागत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचे उद्या पाहू. शपथा घेऊन मोडलेल्या माणसाला एवढाच हिशेब पेलतो.

पहिल्या सभेहून "छे, ती माणसं माझ्यापेक्षा लई वाईट" असे म्हणत परतणारे पुष्कळ असतात. त्यात नवल नाही. चार-सहा वेळा जावे. एक गट रुचला नाही तर दुसरा पाहावा. मधेच पुन्हा प्यायला, म्हणून दार बंद होत नाही. अशा माणसाने तर अवश्य जावे.

एक गोष्ट मात्र आधी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकाएकी बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, प्रसंगी जिवावर बेतते. त्याला प्रथम डॉक्टरकडे न्यावे, सभा मागाहून. आणि भिंतीवर जाहिरात असते ना, 'नकळत दारू सोडवा', ती पावडर जेवणात मिसळण्याच्या फंदात पडू नका. तीत काय असते ते तुम्हाला ठाऊक नसते, आणि खाणाऱ्याला तर मुळीच नसते.

घरच्या मंडळींसाठी अल-अनॉन नावाचे निराळे गट असतात. पिणारा येत नसेल तरी त्याच्या बायकोने जावे. पिणाऱ्या बायकाही असतात. त्यांना सभेला यायला मोकळीक आहे, पण पाऊल टाकणे पुरुषांहून अवघड जाते, हे आपण जाणून असावे.

पत्ता काढायचा कसा? १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात विचारावे. पुण्याला १९८६ साली सुरू झालेले मुक्तांगण आहे. अशा केंद्रांना जवळचे गट माहीत असतात. मिळालेली माहिती एकदा फोन करून ताडून घ्यावी, कारण जागा बदलतात, वार बदलतात. सभा 'खुली' आहे की 'बंद', तेही विचारावे. खुलीत सोबतीला कोणालाही बसता येते, बंद सभा फक्त ज्यांना पिणे सोडायचे आहे त्यांचीच.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम माणूस फाटकाशी येण्याआधी करून ठेवा. तो सकाळी येतो. दुपारपर्यंत त्याचा विचार बदललेला असतो. जमल्यास पहिल्या खेपेला बरोबर जा, दारापर्यंत तरी. सभा बहुधा संध्याकाळी असतात, तेव्हा त्याच चिटोऱ्यावर गावाकडे येणारी शेवटची एस. टी. किती वाजता सुटते तेही लिहून ठेवा.