माल पोचला का?



तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या या गावाला मालवाहतुकीचं मोल मी सांगायला नको. तुमचे हंडे-घागरी मुंबई-आग्रा रोडनं गावोगाव गेले, म्हणून सोनगीरचं नाव घरोघरी पोचलं. माझी हयात वायुदलाच्या मालवाहू विमानांत, अरुणाचलच्या दऱ्यांमध्ये तांदूळ, मीठ, रॉकेल पोचवण्यात गेली. साहित्याच्या या व्यासपीठावरून अध्यक्ष म्हणून मी त्याबद्दलच बोलणार आहे. दुर्गम भागातल्या निसर्गावर आपण पुष्कळ लिहितो. तिथं काय पोचलं आणि काय पोचलं नाही, हे मात्र फारच कमी लिहितो.

चांगलांग जिल्ह्यातलं विजयनगर घ्या. तीन बाजूंनी म्यानमार, उरलेल्या बाजूला नामदफाचं जंगल. मियाओहून वाट १५७ किलोमीटरची, आणि पावसानं ती तुटली की कित्येक दिवसांची पायपीट. अशा गावात मिठाचा भाव विमान किती दिवसांत आलं नाही यावर ठरतो. परतीची फेरीही रिकामी जात नाही. आजारी माणसं, परीक्षेला निघालेली पोरं त्याच विमानात बसतात.

धावपट्टीच नसेल तिथं माल वरून टाकावा लागतो. पन्नासच्या दशकात नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, डाकोटा विमानं हेच करत. बिजू पटनाईकांच्या कलिंग एअरलाइन्सची विमानंही त्यांत होती. पॅराशूट महाग, म्हणून तांदूळ दुहेरी पोत्यांत भरायचा. बाहेरचं पोतं मुद्दाम सैल ठेवायचं. आपटून आतलं फाटलं तरी बाहेरचं पोतं दाणा धरून ठेवतं. खाली पांढऱ्या कापडाची खूण आणि शेजारी धूर, म्हणजे वारा कळतो. वैमानिक दरीत शिरतो, इशारा होतो, दारातली माणसं पोती ढकलतात. मग वळसा घालून पुन्हा तीच दरी, कारण एका झेपेत सगळं टाकावं एवढं मैदान लांब नसतं. ढग खाली उतरले तर भरलेलं विमान घेऊन माघारी फिरायचं. माझ्या कामातला हा सर्वांत जड निर्णय. खाली माणसं आवाजाकडे कान लावून उभी असतात. तरीही तो घ्यावाच लागतो, कारण विमान गमावलं तर पुढच्या साऱ्या फेऱ्याही गेल्या.

आता आपल्या सातपुड्याकडे येतो. सोनगीरच्या एका बाजूला धुळ्याची गोंदूरची धावपट्टी, दुसऱ्या बाजूला शिरपूरची. दोन्हीकडे वैमानिक घडतात. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यातल्या डोंगरात प्रशिक्षणाचं एक विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले. जखमी शिकाऊ वैमानिक मुलीला आदिवासी गावकऱ्यांनी बांबूला कापड बांधून केलेल्या झोळीतून खाली आणलं. अशाच झोळीतून सातपुड्यातल्या अडलेल्या बाया दवाखान्यात येतात. ज्यांच्या पाड्यावर आपण वेळेवर औषध नेऊ शकलो नाही, त्यांनी आपलं माणूस आपल्याला आणून दिलं. हे ऋण मला स्वस्थ बसू देत नाही.

ते फेडता येण्यासारखं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी ड्रोननं करोनाच्या ३०० लशी पाठवल्या. सुमारे २० किलोमीटर अंतर नऊ-दहा मिनिटांत कापलं. प्रयोग चांगलाच. पण गावाला प्रयोगापेक्षा ठरलेला वार लागतो. सातपुड्यातल्या धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे सर्पदंशावरचं औषध, रक्ताच्या पिशव्या ठरल्या दिवशी आल्या पाहिजेत, बातमी देणारं कुणी नसलं तरी आल्या पाहिजेत.

लिहिणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. पावसाळ्याआधी पाड्यावर कोण काय भरून ठेवतं, कोणतं औषध कोणत्या महिन्यात संपतं, झोळीला खांदा देणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते ती कोण भरून देतं, हे लिहा. पावरीत लिहा, भिलीत लिहा, अहिराणीत लिहा. माझ्या अध्यक्षपदाच्या वर्षात असं लिखाण गोळा करून छापायचं काम मी अंगावर घेतो. वह्या आजपासूनच माझ्याकडे द्यायला सुरुवात करा.