लुगड्याची फडकी



गेल्या पावसाळ्यात माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी पारशिवनीला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, आली होती. बाळाला पुसायचे ओले रुमाल, ज्यांना बाजारात 'वाइप्स' म्हणतात, ते तिने सोबत आणले होते. 72 रुमालांचे पाकीट पाच दिवसही पुरेना. हिशेब तुम्हीच करून पाहा. दिवसातून आठ वेळा बाळ स्वच्छ केले आणि दर वेळी दोन रुमाल गेले, तर महिन्याला 480 होतात. म्हणजे जवळजवळ सात पाकिटे! कापसाचा पैसा ज्या घरात वर्षातून एकदाच येतो, त्या घराला हे कसे झेपावे?

जावईबापूंनी सुचवले, "वापरलेलेच धुऊन घेऊ." तसे मात्र करू नये. ते रुमाल एकदाच वापरण्यासाठी केलेले असतात. धुताना फाटतात, मळ धरून ठेवतात. पुष्कळशांत पॉलिएस्टरसारखा न कुजणारा धागा असतो. म्हणून ते संडासातही टाकू नयेत. शोषखड्डा त्यांनी तुंबतो.

शेवटी बहिणीने पेटीतून सासूबाईंचे जुने सुती नऊवारी लुगडे काढले. भाची हळूच म्हणाली, "मामा, लोक काय म्हणतील?" बहीण म्हणाली, "काहून? कापड जुनं असलं म्हणजे मळकं असते काय?"

श्रोतेहो, सारे मर्म याच प्रश्नात आहे. कापड जुने असावे, पण स्वच्छ असावे.

लुगड्याचा न विरलेला भाग घेऊन वीतभर लांबी-रुंदीचे तीस-चाळीस तुकडे करावेत. कडा दुमडून शिवाव्यात, म्हणजे सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाणार नाही. फडकी कोरडीच ठेवावीत आणि लागेल तेव्हा उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवावीत. आधीच भिजवून डब्यात भरून ठेवली, तर त्यांत जंतू वाढतात. पाण्यात अत्तर, जंतुनाशक काही घालू नये. मुलीला नेहमी पुढून मागे पुसावे.

वापरलेली फडकी झाकणाच्या बादलीत ठेवावीत. विष्ठा संडासात टाकावी. तान्ह्याच्या विष्ठेतूनही रोग पसरतात. मग फडकी साबणाने धुऊन, दहा मिनिटे उकळून, कडक उन्हात वाळवावीत. पावसाळ्यात ऊन नसले तर गरम इस्त्री पुरती कोरडी होईपर्यंत फिरवावी. दमट फडके बाळाला लावू नये. शेवटी आपले हात साबणाने धुवावेत. पैसा वाचवावा, पण साबण आणि सरपण वाचवू नये. अंगावर पुरळ उठून दोन दिवसांत बरे वाटले नाही, किंवा फोड आले, तर आरोग्य केंद्र गाठावे.

आता एक गोष्ट पुरुषमंडळींना. पाकिटाचे पैसे वाचले, पण बादलीभर धुणे वाढले. ते ओल्या बाळंतिणीच्या गळ्यात पडले, तर ती बचत कसली? आमच्या जावईबापूंनी पुढे पंधरा दिवस ती बादली स्वतः धुतली. शेजारचे हसले, नंतर त्यांतल्याच एकाने, फडकी किती वेळ उकळायची, म्हणून विचारले.

शिक्षकबंधूंनी हा हिशेब वर्गात फळ्यावर जरूर मांडावा. मुले तो घरी नेतील.