आधी बिल, मग गच्ची



सौर यंत्रणा बसवणाऱ्यांच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद तुम्ही एका जुन्या वायरिंगच्या ठेकेदाराला दिलंत, हा तुमचा मोठेपणा. आभार मानतो आणि लगेच कामाचं बोलतो. मे महिन्यात अकोल्याच्या मंडपात बसलेल्या माणसांसमोर लांबण लावणं बरं नव्हे.

या उन्हापासूनच सुरुवात करू. विदर्भातलं गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "आमच्याकडे ऊन बक्कळ, मे महिन्यात तर वीजच वीज!" आपल्यातले बरेच जण यावर मान डोलावतात आणि कोटेशन पुढे करतात. पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. ५५० वॅटचं म्हणून जे पॅनेल आपण विकतो, त्याचे ५५० वॅट प्रयोगशाळेत मोजलेले असतात. पॅनेलमधल्या सेलचं तापमान तिथे २५ अंश धरतात. अकोल्याच्या गच्चीवर दुपारी एक वाजता सेल सहज ६५ अंशांवर जातो. आज सर्रास बसणाऱ्या पॅनेलची ताकद प्रत्येक जादा अंशाला साधारण ०.३५ टक्के घटते. चाळीस अंशांचे १४ टक्के झाले. म्हणजे ५५० चे ४७३ वॅट उरले, तेही काच स्वच्छ असेल तर. दुपारचा उच्चांक पाहिला, तर फेब्रुवारीतला एखादा निरभ्र, वाऱ्याचा दिवस मे महिन्याला मागे टाकतो. म्हणून पत्र्याला चिकटवून पॅनेल ठोकू नका, खालून वारा खेळू द्या. आणि हे गिऱ्हाइकाला पैसे घेण्याआधी सांगा.

आज मला मुख्यतः हेच म्हणायचं आहे. यंत्रणा कशी चालते आणि कुठे चालत नाही, हे गिऱ्हाइकाला आधी समजावणं हा आपल्या कामाचा भाग आहे. ते सोडून आपण 'झीरो बिल' विकत बसलो आहोत.

ही वीज येते कशी? एदमों बेकरेल या फ्रेंच तरुणाला १८३९ साली प्रकाशापासून विद्युतप्रवाह मिळाला. घरोघरी बसणाऱ्या आजच्या पॅनेलचा पूर्वज मात्र १९५४ मधला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सेल तयार केला, त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती. आज ती वीसच्या वर आहे, तत्त्व तेच. सिलिकॉनच्या पातळ चकतीत एका बाजूला फॉस्फरस मिसळलेलं असतं, दुसऱ्या बाजूला बोरॉन. दोन्ही भाग जिथे भेटतात तिथे एक अंगभूत विद्युतक्षेत्र तयार होतं. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, ते क्षेत्र त्यांना एकाच दिशेला ढकलतं आणि तारेतून प्रवाह सुरू होतो. काही फिरत नाही, काही जळत नाही. एका सेलचा दाब जेमतेम अर्ध्या-पाऊण व्होल्टचा, म्हणून सेल एकापुढे एक जोडून पॅनेल करतात आणि पॅनेलं जोडून माळ.

माळेत एक खोड असते. दिंडीचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या वारकऱ्याचा, तसा माळेचा प्रवाह सगळ्यात कमजोर पॅनेलच्या बेताचा. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी तोटा फक्त त्या पॅनेलपुरता राहीलच असं नाही. पॅनेलमधले बायपास डायोड सावलीतला भाग वगळून वाट काढून देतात, पण वाट काढली तरी तो भाग कमाईतून गेलाच. तेव्हा गच्ची पाहायला जाल तेव्हा एकदा नऊ वाजता आणि एकदा चार वाजता जा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येईल याचा अंदाज घ्या. मोबाइलवर फोटो मागवून आखणी करणारे आपल्यात वाढले आहेत. त्यांच्याबद्दल मला फारसं चांगलं बोलता येणार नाही.

पण गच्चीच्याही आधी बिल. बारा महिन्यांची बिलं मागा. आपल्याकडे एक किलोवॅट यंत्रणा वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देते, पावसाळ्यात बरीच कमी. महिन्याला तीनशे युनिट लागणाऱ्या घराला तीन किलोवॅट पुरतात. त्याला सुमारे तीनशे चौरस फूट सावलीविना जागा लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि त्यापुढे काही नाही. अनुदान ७८,००० वर थांबतं. तरीही अशा घराला पाच किलोवॅट गळ्यात मारणारे आहेत. नेट मीटर दिवसा बाहेर गेलेली आणि रात्री आत आलेली वीज मोजतो, बिल फरकाचं येतं, उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात. ही जमा आर्थिक वर्षाअखेर संपते. त्यानंतर शिल्लक राहिलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दरापेक्षा खूप कमी असतो. जास्तीचे दोन किलोवॅट म्हणजे गिऱ्हाइकाने वीज कंपनीला स्वस्तात घालायची वीज. आणि वापर शून्यावर आला तरी स्थिर आकार बिलात राहतोच. मग 'झीरो बिल' कसलं?

दुसरी थाप जास्त त्रासाची, कारण ती न बोलता मारली जाते. "लाइट गेली आणि आमचं सोलरही बंद पडलं!" हा फोन इथल्या प्रत्येकाने घेतलेला आहे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःहून थांबतो, आणि थांबायलाच हवा. तो चालू राहिला, तर घरातली वीज उलटी लाइनवर जाईल आणि खांबावर काम करणारा लाइनमन जिवाला मुकेल. अंधारातही दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, खर्च वाढतो. जिथे वीज क्वचित जाते तिथे बॅटरीचा आग्रह धरू नका. जिथे रोज चार तास जाते, तिथे ती नसेल तर गिऱ्हाईक तुम्हाला जन्मभर शिव्या देईल.

व्यवसायाच्या जागी हिशेब वेगळा असतो. दाल मिल, शीतगृह, रुग्णालय, हौसिंग सोसायटीची लिफ्ट आणि पंप यांचा बराचसा वापर दिवसाउजेडीच होतो, तयार झालेली वीज तिथल्या तिथे खपते, म्हणून फायदा चोख. पण कारखान्याचा एक प्रश्न आपण सांगायला विसरतो. सोलर बसल्यावर ग्रिडमधून घेतलेले किलोवॅट घटतात, मोटारींना लागणारी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर मात्र ग्रिडकडूनच येत राहते. परिणामी मीटरवरचा पॉवर फॅक्टर घसरतो आणि युनिटं वाचूनही बिलात वेगळाच भुर्दंड दिसतो. कपॅसिटर पॅनेल तपासा, इन्व्हर्टरची सेटिंग बदला, पण हे काम पहिलं बिल येण्याआधी व्हायला हवं. डिझेल जनरेटर असेल, तर सोलरची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरणार नाही अशी नियंत्रण व्यवस्था बसवल्याशिवाय दोन्ही एकत्र चालवू नका.

आता सुरक्षेविषयी, आणि इथे मी थोडा कडक होणार आहे. अठरा पॅनेलांची माळ नऊशे व्होल्टच्या आसपास जाते, आणि साध्या यंत्रणेत ऊन असेपर्यंत ती बंद करायची कळ नसते. आयसोलेटर पाडला तरी पॅनेलच्या बाजूची तार जिवंतच राहते. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला तशी उसंत नाही, ठिणगी पेटली की कमान धरून जळत राहते. छतावरच्या आगींच्या मुळाशी अनेकदा एक ढिला कनेक्टर असतो. नर एका कंपनीचा आणि मादी दुसऱ्या कंपनीची, 'बसतंय ना' म्हणून जोडलेली! असली जोडणी मी तरी पास करणार नाही. एसी, डीसी आणि तडितरक्षक यांचं अर्थिंग स्वतंत्र हवं. वाऱ्याबद्दल कोकणातल्या सभासदांना वेगळं सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात छपरं उडवली. तिथलं स्ट्रक्चर जाड जस्तलेपाचं आणि वाऱ्याच्या गणिताने बांधलेलं नसेल, तर पॅनेल कितीही भारी असून उपयोग नाही. (माकडांवर मात्र कुठलंही गणित लागू होत नाही. त्यांच्यासाठी निदान केबल तरी पाइपातून न्या.)

धूळ, पक्ष्यांची विष्ठा, कापसाच्या हंगामातला बोंडांचा कचरा, हे सगळं काचेवर बसतं. सकाळी किंवा संध्याकाळी साध्या पाण्याने धुवायचं, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. एवढी शिकवण घरातल्या माणसांना देऊन या.

साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली, याचा आपल्याला अभिमान वाटतो. अशी गावं वाढतील तशी दुरुस्तीची कामंही वाढतील. पॅनेलची कामगिरी हमी पंचवीस वर्षांची असते, इन्व्हर्टर त्याआधी एकदा तरी बदलावा लागतो. बसवणारा ठेकेदार मात्र अनेकदा दोन वर्षांत फोन उचलेनासा होतो. गावात सोलरची बदनामी होते ती अशाने.

उद्या दुपारच्या सत्रात एक ठराव येणार आहे. प्रत्येक सभासदाने आपल्या कोटेशनवर तीन गोष्टी मराठीत छापाव्यात: पावसाळ्यासकट महिनावार अपेक्षित युनिटं, वीज गेल्यावर यंत्रणा चालेल की थांबेल, आणि तक्रार आल्यावर माणूस किती दिवसांत येईल. शिवाय वर्ष झालं की स्वतः जाऊन मीटरचा आकडा वाचावा आणि कोटेशनशेजारी लिहून द्यावा. काहींना हे धंद्याला मारक वाटतं, त्यांनी विरोधात जरूर बोलावं, मी वेळ देईन. पण मत देताना हात वर करून ठरावाला पाठिंबा द्या, ही माझी विनंती आहे.