पंख कुणी केला?

(जालना येथे झालेल्या कार्यकर्ती शिबिरातील भाषणाचा मजकूर)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापला आहे, 'घरातले तंत्रज्ञान आणि बाई'. तुम्हाला वाटले असेल, मी निर्धूर चुलीवर नाहीतर सौर कुकरवर बोलणार. मी आज मोटारीच्या पंखावर बोलणार आहे. शर्यतीच्या गाडीच्या मागे आडवी फळी बसवलेली असते, ती तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. तशी एक फळी २०२३ च्या मे महिन्यात बदनापूर तालुक्यातल्या एका घराच्या अंगणात तयार झाली. ते घर माझ्या थोरल्या बहिणीचे. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती ब्लाऊज शिवते.

अक्काची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः शर्यतीची छोटी गाडी बांधायची आणि स्पर्धेत उतरवायची, असे उपक्रम आपल्याकडेही चालतात. 'सुप्रा' आणि 'फॉर्म्युला भारत' ही त्यातली दोन नावे. भाचीच्या कॉलेजच्या चमूत ती एकटीच मुलगी. तिला काम मिळाले अहवाल लिहिण्याचे आणि देणगीची पत्रे टाईप करण्याचे. वेल्डिंग, इंजिन, साचे हे सगळे मुलांकडे. शेवटी मागचा पंख कुणी घेईना, कारण ते काम किचकट आणि चिकट. ती म्हणाली, मी सुट्टीत घरी करून आणते. मुले हसली आणि हो म्हणाली.

हा पंख काय करतो, ते आधी समजून घेऊ. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. गाडीचा पंख म्हणजे तोच आकार उलटा, पोट खाली केलेला. वारा त्याला खाली दाबतो, चाके रस्त्याला घट्ट धरतात आणि गाडी वळणावर घसरत नाही. १९६०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर असे पंख आले. पण या दाबाचा हिशेब वेगाच्या वर्गाने चालतो. आमचा पंख चार फूट लांब आणि फूटभर रुंद. भाचीने गणित मांडले, ताशी १२० किलोमीटरला साधारण २२ किलोचा दाब, आणि ६०ला जेमतेम पाच-साडेपाच किलो. म्हणजे गावातल्या रस्त्यावर हा पंख शोभेचाच. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पंखाचा गाभा थर्माकोलचा आणि वरून काचेच्या कापडाचे थर. हे कापड काचेच्या बारीक तंतूंचे विणलेले असते. त्यावर रेझिन लावायचे, ते सुकले की कवच तयार. पहिल्या दिवशीच फजिती झाली. स्वस्त पडते म्हणून पॉलिएस्टर रेझिन आणले होते. ते लावताच थर्माकोल विरघळून खड्डे पडले. त्या रेझिनमध्ये स्टायरीन असते आणि थर्माकोल मुळात स्टायरीनपासूनच बनतो. मग महागडे इपॉक्सी आणावे लागले.

गाभा कापायला गरम तार. दोन्ही टोकांना सनमायकाचे साचे ठोकले आणि मायलेकी समोरासमोर बसून एका लयीत तार ओढू लागल्या. एकीने घाई केली की आकार बिघडतो. जात्यावर दोघी बसतात तसेच ते काम होते.

नंतर कापड घातले, तर ते वळणावर सुरकुतू लागले. भाची पुस्तक उघडून बसली. अक्काने कापड हातात घेतले, कोपऱ्याकडून ओढून पाहिले आणि म्हणाली, "अगं, हे सरळ काय घालायलीस? उरेब काप. ब्लाऊजची पट्टी गळ्याला कशी बसती?" भाचीने पुस्तकात शोधले. तिथे लिहिले होते, काही थर ४५ अंशांत टाकावेत, म्हणजे वळणावर नीट बसतात आणि पीळ सहन करतात. मैत्रिणींनो, पुस्तकातले ४५ अंश आणि अक्काचा उरेब एकच. एकाला अभियांत्रिकी म्हणतात. दुसऱ्याला आपण म्हणतो, "ती काही करत नाही, घरीच असते."

पण ही गोष्ट मी फक्त कौतुकाने सांगितली तर तुमची फसवणूक होईल.

स्वयंपाकात आपण अंदाजाने घालतो. इथे अंदाज चालत नाही. रेझिन आणि हार्डनर काट्यावर मोजूनच घ्यावे लागतात. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन चाळीसच्या वर असताना, अर्धा किलो मिश्रण एकाच डब्यात कालवले. दहा-बारा मिनिटांत डबा हाताला चटके देऊ लागला आणि त्यातून धूर निघाला. हे मिश्रण घट्ट होताना स्वतःच तापते आणि खोल भांड्यात उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही. हे कुठे घडले? स्वयंपाकघरात. शेजारी गॅस, आतल्या खोलीत जावेचे लेकरू झोपलेले. मी तिथेच होते आणि फोटो काढत होते.

पुढचे काम अंगणात, पहाटे पाच वाजता, थोडे थोडे मिश्रण जुन्या परातीत पसरून केले. ती परात पुन्हा कणकेला घेतली नाही. तीन थर चढले. चार दिवसांनी दोन विटांवर पंख ठेवून त्यावर पंचवीस-पंचवीस किलो ज्वारीची दोन पोती आडवी ठेवली. पंख वाकला नाही. त्या दिवशी गल्ली जमली होती.

मग घासकाम. पॉलिश पेपरने तासन् तास घासायचे. कोरडे घासले की काचेची धूळ उडते, अंगात रुतते, खाजते, श्वासातून आत जाते. पाणी मारून घासले की धूळ बसते. हे आम्हाला एक दिवस उशिरा कळले. त्या दिवशी अक्काने तोंडाला पदर बांधला होता. पदर वाफ अडवत नाही आणि बारीक धूळही नाही. हातमोजे भाचीपुरते आणले होते. अक्का म्हणाली, मला सवय नाही, सुई धरता येत नाही. आठवड्याने तिच्या दोन्ही मनगटांवर पुरळ उठले, पाणी सुटले. डॉक्टरांनी सांगितले, ही इपॉक्सीची अ‍ॅलर्जी, आता पुन्हा त्याला हात लावायचा नाही. पंधरा दिवस शिवणयंत्र बंद राहिले. ती मजुरी कुणी भरून दिली नाही.

पंख गाडीला बसला. अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात बांधणी विभागात चार मुलांची नावे होती आणि भाचीचे नाव 'लेखन व सजावट' या सदरात. तिने ते पान परत पाठवले. म्हणाली, ज्याने पंख केला त्याने थर कसे टाकले ते सांगावे. कुणाला सांगता आले नाही. आता तिथे तिचे नाव आहे आणि त्याखाली 'कापडाची कापणी व थरांची दिशा' या कामापुढे तिच्या आईचे पूर्ण नाव.

मी इथेच थांबले असते तर टाळ्या वाजल्या असत्या. पण खरा प्रश्न नंतर आला.

पंखाचे फोटो फिरले. मोटारींचे सजावटीचे सामान विकणारा एक व्यापारी अक्काच्या बचत गटाकडे आला. म्हणाला, गाड्यांना लावायचे असे छोटे पंख घरी करून द्या, नगावर पैसे देतो, माल मी पुरवतो. स्वस्त पॉलिएस्टरवाला साच्यातला माल. बायका खूश झाल्या. घर सोडायचे नाही, हातात पैसा.

आम्ही तीन बैठका घेतल्या. मी माहिती मांडली. स्टायरीनची वाफ डोके जड करते आणि आग पकडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले. या रेझिनचे कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. हे सगळे एका खोलीच्या घरात, जिथे लेकरे झोपतात, कुणी गरोदर असते. आणि हे कशासाठी? गावातल्या वेगात पाच किलोसुद्धा दाब न देणाऱ्या शोभेच्या वस्तूसाठी.

कायदा कुठे आहे? १९४८च्या कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागेत १० आणि विजेविना २० कामगार असले तर तो कारखाना. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेने हे आकडे २० आणि ४० केले. अक्काच्या अंगणात मायलेकी दोघीच. तिथे निरीक्षक कधीच येणार नाही. घरबसल्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. तो व्हावा म्हणून आपल्या 'सेवा' संघटनेने फार खटपट केली. आपल्या देशाने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

गटाने व्यापाऱ्यापुढे अटी ठेवल्या. काम घरात नाही, उघड्या शेडमध्ये. वाफ अडवणारे कोळशाच्या डबीचे मास्क आणि हातमोजे त्याच्या खर्चाने. दर लेखी, आणि त्यात घासकामाचे तास धरलेले. व्यापारी "बघतो" म्हणाला आणि परत आला नाही.

त्यानंतर गटातली एक बाई मला म्हणाली, "ताई, तुमचा पगार चालूच हाय. आमचं काम गेलं." माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पूर्ण नाही. धोका समजावून सांगणे सोपे आहे. धोका नाकारणाऱ्या बाईच्या चुलीचे काय, हे आपण अजून शिकतो आहोत. त्या गटाने आता शेडसाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे. मी दर महिन्याला त्यामागे फिरते.

तुमच्या भागातही बायका घरी काहीतरी बनवत असतील. अगरबत्ती, बिडी, फटाक्यांच्या वाती, काहीही. परत गेल्यावर तिला चार गोष्टी विचारा. यात काय मिसळलंय, हे तुला कुणी सांगितलं का? हे करताना लेकरू कुठे असतं? घासण्या-पुसण्याचे तास दरात धरलेत का? आणि तयार वस्तूवर, कागदावर, कुठेतरी तुझं नाव आहे का?

अक्का पुन्हा ब्लाऊज शिवते आहे. मनगटावर काळे डाग राहिले आहेत. मी इथे बोलणार आहे म्हटल्यावर ती एवढेच म्हणाली, "उरेबाचं सांग. पर हातमोज्याचं आधी सांग."

मी क्रम चुकवला. तुम्ही चुकवू नका.